मदत हवी आहे: नवा नळ बसवला, पण हलतोय

गोदाकाठ
स्वयंपाकघरातला नळ परवा बदलून घेतला. प्लंबर आला, तासाभरात बसवून पैसे घेऊन गेला. पहिल्या दिवशी ठीक होता. कालपासून हलतोय. चालू करायला हात लावला की अख्खा नळ हातासोबत पुढे येतो, सोडला की परत जागेवर जातो. प्लंबरला काल तीन फोन केले, आज दोन. उचलत नाही. रविवारी घरी धाकट्या जाऊबाईंचं डोहाळजेवण आहे, पंचवीस-तीस माणसं, भांड्यांचा ढीग पडणार. तोवर हे व्हायलाच हवं. नळ चांगला आहे, महागाचा आहे, गळत नाहीये. फक्त हलतोय. घट्ट कसा करायचा ते लवकर सांगा.

पाऊलवाट
टेफ्लॉन टेप कमी गुंडाळलीय, दुसरं काही नाही. मेन कॉक बंद करा, नळ उलटा फिरवून काढा, जुनी टेप खरवडून टाका आणि नव्याने पंधरा-वीस फेरे गुंडाळा. टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर नळ पिळताना ती गोळा होऊन बाहेर येते. माझ्याकडे असंच झालं होतं. दहा मिनिटांचं काम.

सातारी_मेकॅनिकल
जरा थांबा, टेपवर लगेच जाऊ नका. ताई, आधी एवढं सांगा. नळ भिंतीतून आलेला आहे, ओट्याच्या दगडावर उभा आहे की सिंकवरच उभा आहे? सिंक स्टीलचं की ग्रॅनाइटचं? आणि हलतो म्हणजे काय हलतं, बूड की वरची वाकडी नळी? नळीत थोडी खेळती जागा असतेच, ती फिरायला केलेली असते. बूड हलत असेल तर प्रकरण वेगळं. शक्य असेल तर सिंकखालचा फोटो टाका.

सुगरणकाकू
नवा नळ आहे तर आत्तापासून काळजी घे गं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, दोन महिन्यांत तोंडाच्या जाळीवर पांढरे क्षार बसतात आणि धार वाकडी पडायला लागते. जाळी फिरवून काढायची, वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. काथ्या लावू नकोस, चकाकी जाते.

तात्या_फिटर
तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून कळकळीने सांगतो. भिंतीतला नळ हलत असेल तर तो अजिबात हलवून बघत बसू नका. भिंतीत आता सीपीव्हीसीचा पाइप असतो आणि त्याच्या टोकाला पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. एल्बो प्लास्टरच्या आत राहिला की नळाचे दोन-तीनच आटे धरतात. प्रत्येक हिसक्याला ताण त्या एल्बोवर येतो. एक दिवस तो आतल्या आत तडकतो आणि पाणी बाहेर न येता भिंतीत मुरतं. पलीकडच्या खोलीचा रंग फुगला की मग कळतं. यावर उपाय एकच, मध्ये एक्स्टेन्शन निपल, म्हणजे आट्यांचा आखूड जोडतुकडा, घालायची. दुकानात अर्धा इंच, एक इंच, दीड इंच अशा मिळतात. आटे पुरे बसले की नळ हलत नाही. पंधरा-वीस फेरे टेप गुंडाळून आटे भरून काढणं चूक आहे. जाड टेपेने एल्बो फुटलेले मी पाहिलेत.

पाऊलवाट
तात्या, माझा नळ चार वर्षं झाली तसाच आहे, काही फुटलं नाही.

तात्या_फिटर
तुमचा एल्बो बाहेरपर्यंत आलेला असेल, म्हणून टिकला. टेपेमुळे टिकला नाही.

गोदाकाठ
भिंतीतला नाही हो! सिंकवरचाच आहे. सिंकला मागे भोक असतं त्यात उभा केलाय. स्टीलचं सिंक, एकच भांडं. नळ उंच आहे, हंसाच्या मानेसारखा, गरम-थंड एकाच दांडीवर. बूडच हलतंय. दांडी बाजूला ढकलली की बुडाखालचं काळं रबर एका बाजूने दिसतं आणि परत आत जातं. आता सांगा.

पाऊलवाट
हे आधी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मग सोपं आहे. बुडाभोवती एमसील किंवा सिलिकॉन भरा, रात्रभर हात लावू नका, सकाळी दगडासारखा बसेल.

सातारी_मेकॅनिकल
कृपया हे करू नका. सिलिकॉन पाणी अडवायला असतं, भार पेलायला नाही. लवचीक असल्यामुळे नळ हलतच राहील, फक्त हललेला दिसणार नाही. आणि एमसील लावून नळ पक्का चिकटला तर उद्या आतला कार्ट्रिज (दांडीखालचा पाणी चालू-बंद करणारा भाग) किंवा खालचा पाइप बदलायला नळ काढायचा कसा? पत्रा वाकवून?
उंच नळाचा प्रश्न पहारीसारखा आहे. बुडापासून दांडी वा नळी जितकी लांब, तितका बुडावरचा जोर वाढतो. सगळा जोर खाली एका नटावर आणि ३५ मिलिमीटरच्या भोकाच्या कडेवर येतो. म्हणून इलाज वरून नाही, सिंकखालून करायचा. टॉर्च घेऊन खाली बघा आणि काय दिसतं ते लिहा. नळाला खालून धरणारी आट्यांची एक सळई आहे की दोन? नट हाताने फिरतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणालातरी वरून नळ हलवायला सांगा आणि तेव्हा खालून बघा, नट सरकतोय की सिंकचा पत्राच वर-खाली होतोय.

एडिसनवासी
इथे न्यू जर्सीत जवळपास सगळे नळ सिंकवर किंवा ओट्यावरच उभे असतात, भोकही तेच, १ ३/८ इंच म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर. माझ्या घरी आलो तेव्हा नळ असाच लटपटत होता. इथे प्लंबर बोलावणं परवडत नाही म्हणून बेसिन रेंच आणून स्वतःच केलं. लांब दांड्याचा, टोकाला आडवा जबडा असलेला पाना असतो तो. सिंकच्या मागच्या बोळात साधा पाना शिरत नाही. तो आणा, बाकी काही लागत नाही.

तात्या_फिटर
एकाच सळईचा नळ असेल तर त्याला बेसिन रेंच कशाला? तो मोठ्या नटासाठी असतो. सळई बहुतेक ८ मिलिमीटरची असते, तिच्या नटाला १३ नंबरचा बॉक्स पाना लागतो, तोही पोकळ नळीसारखा, म्हणजे सळई आत जाते. काही नळांसोबत तो खोक्यातच येतो. माझं मत विचाराल तर सिंकवर नळ उभा करणंच मला पटत नाही. भिंतीतला सिंक कॉक घ्या, सिंकच्या पत्र्यावर भार नाही आणि नळाच्या बुडाशी पाणी साचत नाही.

सातारी_मेकॅनिकल
तात्या, १३ नंबरचं बरोबर. पण भिंतीतला घ्या म्हणणं आता कशाला? त्यांना रविवारपर्यंत भिंत फोडायची नाहीये.

अबोली
मध्येच लिहिते, पण सांगायलाच हवं. आमच्याकडे नळ असाच हलत होता आणि मी वर्षभर दुर्लक्ष केलं. गळत नाही ना, मग चालतंय, असं वाटायचं. भांडी घासताना पाणी बुडाशी साचतं आणि नळ हलला की रबर उचलून थेंब-थेंब खाली जातं. खालच्या ट्रॉलीच्या मागच्या प्लायला ते रोज लागत होतं. एके दिवशी ट्रॉली अडकायला लागली, बघितलं तर प्लाय पापडासारखा फुगलेला, पदर सुटलेले. नळाचं काम काहीशे रुपयांत झालं असतं, ट्रॉलीला हजारो गेले. त्यामुळे सिंकखाली जाल तेव्हा मागची फळी हाताने चाचपून बघा.

गोदाकाठ
आत्ताच ट्रॉली काढून आडवी पडून बघितलं, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. फळी कोरडी आहे. एकच सळई आहे. तिला अर्धचंद्रासारखी लोखंडी पट्टी, तिच्यावर रबर आणि खाली पितळी नट. नट हाताने फिरत नाही, पान्याने अर्धा फेरा बसला. पण तरीही हलतोय. यांना वरून हलवायला सांगितलं तर मला खालून स्पष्ट दिसलं, पत्राच वर-खाली होतोय. डब्याचं झाकण दाबल्यावर होतं तसं. टक् असा आवाजपण येतो. आता काय, सिंकच बदलायचं का?

सातारी_मेकॅनिकल
सिंक बदलायचं नाही. हीच गोष्ट शोधत होतो. सिंकचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, कधी त्याहून कमी. नट आणखी आवळून उपयोग नाही, पत्रा खाली खेचला जाईल, बुडाभोवती खळगा होईल आणि पाणी तिथेच साचेल. आता पाना बाजूला ठेवा.
पत्र्याला खालून आधार द्यायचा आहे. नळाच्या खोक्यात काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा होता का, मध्ये मोठं गोल भोक असलेला? साधारण तळहाताएवढा.

गोदाकाठ
हो!! काळा. मी प्लंबरला विचारलंसुद्धा की हे काय. म्हणाला, "ते जास्तीचं असतं ताई, लागत नाही." मी टाकला नाही, रबर बँड, मेणबत्त्या ठेवते त्या ड्रॉवरमध्ये आहे. आत्ता हातात घेऊन लिहितेय. मागच्या बाजूला जाळीसारख्या उभ्या पट्ट्या आहेत.

सातारी_मेकॅनिकल
तोच. दगडाच्या ओट्यावर नळ असेल तर तो लागत नाही, म्हणून प्लंबरला ते जास्तीचं वाटलं असेल. पातळ स्टीलवर तो घालायचाच. नळाचा जोर भोकाच्या कडेवर न राहता सिंकच्या दुमडलेल्या कडेपर्यंत आणि भांड्याच्या भिंतीपर्यंत पसरतो. त्या उभ्या पट्ट्यांमुळे तो वाकत नाही.

तात्या_फिटर
प्लास्टिकवर माझा भरवसा नाही. मी १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरत आलो, आयएस ७१० छापलेला. वीतभर लांब तुकडा घ्यायचा आणि त्याला गोल भोक न पाडता एका कडेपासून इंग्रजी यूसारखी खाच कापायची. मग पाइप सोडावे लागत नाहीत, नट ढिला करून तुकडा बाजूने सरकवायचा. कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्यायचे, पाणी कडेतूनच शिरतं. एवढं केलं की नळाला लोंबकळलात तरी हलणार नाही.

सातारी_मेकॅनिकल
खाचेची युक्ती उत्तम आहे तात्या, मला सुचली नसती. पण व्हार्निश वाळायला वेळ हवा आणि सळई तेवढी लांब आहे का तेही बघावं लागेल. त्रिकोण हाताशी आहे, आधी तो घालू. त्याने भागलं नाही तर तुमचा प्लाय.

एडिसनवासी
इथे सिंकच्या वरून लावायची लांबट पट्टी मिळते, डेक प्लेट म्हणतात. तीही बघा.

सातारी_मेकॅनिकल
ती तीन भोकांचं सिंक असेल तर उरलेली भोकं झाकायला असते. यांचं भोक एकच आहे.
ताई, करायचं असं. गीझर बंद. सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक (पाइप जिथे भिंतीला जोडलेत ते छोटे कॉक) बंद, मग नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. खाली तसराळं ठेवा. दोन्ही लवचीक पाइप अँगल कॉकपासून सोडा, नळाच्या बाजूने सोडू नका. गरम कुठला, थंड कुठला ते ओळखायला एकाला दोरा बांधा. एकाने वरून नळ धरून ठेवायचा, नाहीतर नट निघाला की तो आडवा होतो. नट, लोखंडी पट्टी, रबर उतरवा. त्रिकोण पाइपांवरून वर सरकवा, सपाट बाजू पत्र्याला, पट्ट्या खाली. मग रबर, मग लोखंडी पट्टी, मग नट. खोक्यातल्या कागदावर क्रम वेगळा असेल तर त्याचंच ऐका. नट बसवताना वरच्या माणसाने नळ सरळ धरायचा आणि बुडाचं रबर सगळीकडून खाली आहे ना ते बघायचं. नळ फिरवून घट्ट करू नका, पाइपांना पीळ बसतो. पाइप परत लावताना टोकाला रबरी वायसर असेल तर टेप नको. हाताने पुरतं बसवून पान्याने पाव फेरा, बास.

सुगरणकाकू
रविवारी डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरणार असशील तर शेवंती आदल्या रात्रीच आणून ओल्या फडक्यात ठेव. सकाळी बाजारात चांगली मिळत नाही.

गोदाकाठ
काकू, वाडी आहे. शेवंतीचं लक्षात ठेवते.
त्रिकोण वर जातच नव्हता. सिंकच्या मागे ग्रॅनाइट जेमतेम तीन बोटांवर आहे, एक कोपरा तिथे अडत होता. हे म्हणाले, करवतीने कापतो. मी म्हटलं, थांबा, आधी फिरवून बघू. टोक भांड्याकडे आणि लांब बाजू दगडाकडे केली तर अलगद बसला. भोवती पत्र्याला खालून जुना चिकट काळा थर होता, तो खरवडून काढला, नाहीतर त्रिकोण एका बाजूला उचललेला राहत होता. रबर, पट्टी, नट. नट दोन-तीन फेऱ्यांतच घट्ट वाटायला लागला, आधी तसं वाटत नव्हतं. पाइप लावले, कॉक उघडले. बुडाला धरून जोरात हलवलं. जागचा हलला नाही. टक् आवाजही नाही. सिंकखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलंय, रात्रभरात ओला डाग पडतो का ते सकाळी बघते.
वरची वाकडी नळी मात्र अजून किंचित डुगडुगते.

सातारी_मेकॅनिकल
ती राहू दे. नळी डावी-उजवीकडे फिरावी म्हणून आत रबरी रिंगांवर बसवलेली असते, तेवढी सैल असतेच. तिथून पाणी झिरपायला लागलं तरच रिंगा बदलायच्या.

तात्या_फिटर
छान झालं. दोन दिवसांनी नट पुन्हा एकदा बघा. नवं रबर दबतं आणि नट ढिला वाटायला लागतो. आत्ताच जास्त आवळू नका.

गोदाकाठ
पेपर कोरडा होता. तात्या, आज सकाळी फुलं घेऊन आल्यावर नट बघितला, पाव फेरा बसला. भांडीवाल्या मावशींना मुद्दाम नळ धरून हलवायला लावला. सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, तुमचं वाचून मागच्या फळीला आतून प्लास्टिकचा कागद लावून घेतला.