पॅच फाटत असेल तर आधी तो उचलून बघा
तोंडाकडून भरायच्या बंदुकीत गोळीभोवती घालायचा वंगण लावलेल्या कापडाचा तुकडा, म्हणजे पॅच, दरवेळी फाटतोय, अजून जाड कापड घेऊ का असं कुणीतरी विचारलंय, तर आधी बार उडाल्यावर पुढे पडलेले पॅच उचलून बघा ना. मधे जळालं असेल तर कापड पातळ नाहीतर वंगण कमी, पण चिरल्यासारखं दिसत असेल तर बहुतेक रायफलिंगची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) किंवा नळीच्या तोंडाची धार लागतेय, तिथे नुसती जाडी वाढवून भागणार नाही. कापड घट्ट विणीचं, पूर्ण सुतीच घ्या, पॉलिएस्टर अजिबात नको, ते वितळतं. नवीन असेल तर खळ धुऊन मगच जाडी मोजा, .५० कॅलिबरला (म्हणजे नळी आतून .५० इंच) .४९० इंचाची गोळी आणि .०१५ इंचाचं कापड इथून सुरुवात करा. मी तरी नळीच्या तोंडावरच कापते, वंगण लावलेली पट्टी ठेवून गोळी तोंडाच्या जरा आत दाबायची, वरचं कापड गोळा करून ताणायचं आणि धारदार सुरीनं सपाट कापायचं, पॅच बरोब्बर मधोमध बसतो. फक्त खाली नळीत बंदुकीची दारू भरलेली असते, नळीवर वाकू नका.