वडिलांचा मधुमेह, बदललेले नियम आणि एजंटचा सल्ला : अर्जात काय लिहावे?

प्रश्न – पंचगंगाकाठ

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आणि आई ६१ वर्षांची आहे. २०१९ पासून दोघेही माझ्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आहेत. येत्या मार्चअखेर मी नोकरी सोडून कोल्हापुरात स्वतःचा व्यवसाय सुरू करणार असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. वडिलांना २०१७ पासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही.

घरी आलेल्या एजंटचे म्हणणे असे की, कायदा आता ग्राहकाच्या बाजूने झाला आहे, पाच वर्षांनंतर जुन्या आजाराबद्दल कंपनी काही विचारू शकत नाही, तेव्हा अर्जात मधुमेह लिहून हप्ता वाढवून घेण्यात अर्थ नाही. जीएसटी गेल्यामुळे हीच वेळ चांगली आहे, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात खरे किती आणि विक्रीपुरते किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – दावेविभागातून निवृत्त

एजंटने सांगितलेला नियम खरा आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला सल्ला घातक आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम बदलले. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजाराच्या खर्चाचा दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने ठेवता येत असे, तो आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. मात्र त्याच वाक्याला जोडून ‘फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण मिळणार नाही’ असा अपवाद आहे आणि ठाऊक असलेला आजार जाणूनबुजून लपवणे त्या अपवादात ओढले जाऊ शकते. शिवाय पहिल्या ५९ महिन्यांचे काय? सदुसष्टाव्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्याला रुग्णालयाची गरज नेमकी याच काळात लागण्याची शक्यता असते. आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत, ती अशी की, मध्येच विम्याची रक्कम पाच लाखांवरून दहा लाखांवर नेली, तर वाढीव पाच लाखांसाठी हे ६० महिने नव्याने मोजले जातात.

तुमच्या बाबतीत नवी पॉलिसी घेण्याआधी दुसरा मार्ग तपासावा, असे मला वाटते. सामूहिक विम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि आधी घालवलेल्या काळाचे श्रेय प्रतीक्षा कालावधीत मिळू शकते. कंपनी वैद्यकीय तपासणी करील, हप्त्यावर लोडिंग, म्हणजे आजारामुळे वाढीव आकारणीही, लावील, पण २०१९ पासूनची वर्षे पाण्यात जाणार नाहीत. यासाठी राजीनाम्याची वाट पाहू नका. नोकरी सुटली की सामूहिक संरक्षणही सुटते, म्हणून दीड-दोन महिने आधी लेखी अर्ज करा आणि तुम्ही नोकरी करता त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून दरवर्षीच्या समावेशाचे प्रमाणपत्र मागून घ्या.

उत्तर २ – साताऱ्याची लेक

वरील उत्तराला माझ्या घरचा अनुभव जोडते. आईला रात्री दोन वाजता दाखल केले, तेव्हा तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांनी विचारले, “आजी, साखर किती वर्षांपासून?” आई म्हणाली, “असेल दहा-बारा वर्षं.” प्रत्यक्षात निदान होऊन सात वर्षेच झाली होती आणि अर्जातही तेच लिहिले होते. केसपेपरवर मात्र ‘मधुमेह, १२ वर्षे’ अशी नोंद झाली आणि तिच्यावर बोट ठेवून दावा नाकारला गेला. पहिल्या निदानाची चिठ्ठी आणि त्या वेळचा रक्ततपासणीचा अहवाल सापडला नसता, तर आमचा इलाज नव्हता. विमा कंपनीकडे तक्रार करूनही उपयोग न झाल्याने आम्ही पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आठ महिन्यांनी पैसे मिळाले. तुमच्या वडिलांची २०१७ ची चिठ्ठी आजच शोधून तिचा फोटो काढून ठेवा.

कॅशलेसबद्दल, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट बिल देण्याबद्दल सांगायचे, तर नव्या नियमाप्रमाणे प्राथमिक मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. यंदा वडिलांच्या वेळी ११.४० ला अंतिम बिल गेले आणि २.२० ला मंजुरी आली, हे मान्य करायला हवे. तरीही हातमोजे, नोंदणी वगैरे न मिळणाऱ्या बाबींचे ६,३०० रुपये खिशातून भरावेच लागले.

उत्तर ३ – हिशेबी माणूस

जीएसटीचे खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर रद्द झाला आणि त्यात फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) तसेच ज्येष्ठांच्या पॉलिसीही येतात. मूळ हप्ता ४२,००० रुपये असेल, तर पूर्वी त्यावर ७,५६० रुपये कर पडत असे. सामूहिक विम्याला ही सूट नाही. परंतु मूळ हप्ता वाढायचा थांबलेला नाही. जानेवारी २०२५ मधील निर्देशानुसार साठ वर्षांवरील ग्राहकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. दरवर्षी दहा टक्क्यांची वाढ दोन वर्षे झाली, तरी वाचलेला कर संपतो. तेव्हा करासाठी घाई करू नका. तुम्ही प्राप्तिकराची नवी प्रणाली निवडली असेल, तर आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावटही मिळणार नाही.

मला या सगळ्यापेक्षा खोलीभाड्याची अट महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी कुणी विचारतच नाही. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये मर्यादा असेल आणि तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली, तर फक्त तीन हजारांचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह असा खोलीशी निगडित खर्च १,६०,००० रुपये असल्यास कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे १,००,००० रुपयेच देते. औषधे आणि इम्प्लांट या कपातीत धरत नाहीत. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येते, त्यात ही अट आणि सहभरणा (को-पे), म्हणजे दाव्यातला तुम्ही भरायचा ठरावीक वाटा, आधी पाहा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. ही मुदत पूर्वी १५ दिवसांची होती.

वडील सत्तरीला पोहोचल्यावर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेचे कार्डही काढून घ्या. खासगी विमा असला तरी ते मिळते.

पंचगंगाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल एजंटकडून अर्जाची प्रत मागवली. त्यात ‘मधुमेह’ या रकान्यासमोर त्यांच्याच अक्षरात ‘नाही’ असे लिहिलेले होते आणि खाली वडिलांची सही होती. तो अर्ज रद्द करण्यास लेखी कळवले आहे. सामूहिक पॉलिसीच्या कंपनीकडे स्थलांतराची चौकशी सोमवारी पाठवतो. आईने शिवणयंत्राच्या खणातून २०१७ ची चिठ्ठी शोधून दिली. शाई उडाली आहे, पण तारीख वाचता येते.