सल्ला हवाय: हिज, हर की देअर?

बाळीवेसकर: मुलगी आठवीत आहे. परवाच्या चाचणीत 'राहुल लव्ह्ज हर सिस्टर' लिहून आली. खाली 'द चेअर लॉस्ट हर लेग'. स्पेलिंग चोख! चूक मला दिसते, पण का होते ते तिला सांगता येईना. सात रस्त्याकडे एक क्लास आहे, लावू का?

कडकभाकरी: कशाला पैसे घालवताय? पोरगी मराठीतून विचार करायलीय, एवढंच. 'त्याची बहीण, त्याचा भाऊ': आपला प्रत्यय पुढच्या शब्दाकडे बघून बदलतो. इंग्रजीतलं हिज फक्त मालकाकडे बघतं, पुढे बहीण असो की म्हैस. हातात पेन्सिल द्या. सर्वनामापासून मागे बाण काढायचा, ज्या नामावर टेकेल त्याला विचारायचं: बाई, बुवा की वस्तू? एक की अनेक? खुर्ची आपल्याकडे 'ती' असली तरी तिकडे इट.

पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगू. 'अतनि' बहिणीपुढेही तेच, भावापुढेही तेच, त्यामुळे हिज-हर कधी नडलं नाही. आम्ही पडायचो शी आणि इटमध्ये, 'अदि' दोन्हीला चालतं ना!

बाळीवेसकर: बाण लागू पडला, दहात आठ बरोबर. आता 'ईच ऑफ द गर्ल्स हॅज ब्रॉट देअर चादर' वर भांडतेय. गर्ल्स अनेक आहेत म्हणे.

कडकभाकरी: 'ऑफ द गर्ल्स' अंगठ्याने झाका. काय उरलं? ईच. एकटीच. हॅज तिनेच लिहिलंय, मग देअर कुठून आलं? हर.

निवृत्त बाई: एव्हरीवनचंही आत्ताच सांगून ठेवा. आम्ही 'हिज' शिकवायचो, अर्धा वर्ग मुलींचा असून! पुढे 'हिज ऑर हर' आलं. आता देअर सर्रास चालतं. एकवचनी दे तसं १४व्या शतकापासून लिहिलं जातंय, आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ साली 'दे'लाच वर्षाचा शब्द ठरवलं. पण पेपर तपासणारे जुन्या वळणाचे निघाले तर मार्क जातील. सरळ 'ऑल द स्टुडंट्स' करून देअर लिहावं, वादच नको. मराठीत 'प्रत्येकाने आपली चादर आणावी' म्हटलं की सुटलो. 'आपली'त मालक बाई की बुवा, कोण विचारतंय!

बाळीवेसकर: क्लास रद्द. शेवटचं एक: 'सर केम अँड दे टॉट अस'?

कडकभाकरी: एकटेच आले ना? मग ही.

बाळीवेसकर: सांगितलं. सरांना 'ही' लिहायला हात धजत नाही तिचा. अरे-तुरे केल्यासारखं वाटतं म्हणे.