मदत हवी आहे: स्क्विड प्रॉक्सी सर्व्हर स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) जातो, स्वॅपीनेस (लिनक्स किती सहज स्वॅप वापरेल तो आकडा) किती ठेवू?

सानपाडा_लोकल:
सकाळची बॅच बसली की अख्खी लॅब अडकते. थेट लाइनवर नेट व्यवस्थित चालतं, प्रॉक्सी लावली की साधं पान उघडायलाही वेळ लागतो. मेमरी बघायला फ्री -एम कमांड मारली तर फ्री दोनशे एमबीच्या खाली, आणि स्वॅप भरत चाललीय. स्वॅपीनेस ६० आहे. १० करू की १? उद्या प्रॅक्टिकल परीक्षा आहे, आजच सांगा. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

घणसोलीकर:
रॅम किती? कॅश_मेम (स्क्विडची रॅममधली कॅश) किती? डिस्कवर कॅश किती? हे न सांगता आकडा कसा सांगायचा?

कळवा_नाका:
एवढं काय विचारताय. स्वॅपऑफ -ए मारा, विषय संपला. आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात स्वॅपच ठेवलेली नाही, वर्षानुवर्षं मस्त चालतंय.

जुना_टर्मिनल:
कळवा_नाका, कृपा करून असले सल्ले देऊ नका. मेमरी खरोखर कमी असेल आणि स्वॅपही नसेल, तर कर्नलचा ओओएम किलर सहसा सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो. इथे ती स्क्विडच असणार. म्हणजे उद्या परीक्षेच्या मध्यात प्रॉक्सीच गायब.

सानपाडा_लोकल:
रॅम ८ जीबी. कॅश_मेम ६ जीबी, कारण मशीन फक्त स्क्विडसाठीच आहे. आता सांगा, १० की १?

बेलापूर_बाबा:
आजकाल सगळं एचटीटीपीएस आहे. कनेक्टमधून, म्हणजे एन्क्रिप्टेड बोगद्यातून, जाणारा ट्रॅफिक स्क्विड कॅश करत नाही. ही कॅश ठेवताच कशाला? काढून टाका.

सानपाडा_लोकल:
बाबा, लॅबमध्ये उबुंटू आहे. ॲप्टची (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारं साधन) पॅकेजं साध्या एचटीटीपीवरूनच येतात, त्यासाठीच प्रॉक्सी आहे. प्रत्येक मशीनने तेच पॅकेज बाहेरून ओढलं तर लाइन पुरणार नाही.

बेलापूर_बाबा:
मग ॲप्ट-कॅशर-एनजी लावा ना. याच कामासाठी बनवलंय.

घणसोलीकर:
परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन सॉफ्टवेअर? बाबा, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण तो सुट्टीतला. सानपाडा, डिस्क कॅश अजून सांगितली नाहीत. आणि फ्री नव्हे, अव्हेलेबल हा कॉलम बघा. लिनक्स रिकामी रॅम पेज कॅशला (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत) देतोच, त्यामुळे फ्री कमी दिसणं हा दोष नाही. व्हीएमस्टॅट १ चालवून एसआय-एसओमध्ये (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं आणि रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) काय दिसतं तेही टाका.

सानपाडा_लोकल:
डिस्क कॅश २०० जीबी. एसआय, एसओ दोन्ही सतत हलतायत, शून्यावर येतच नाहीत.

नेरूळ_पूर्व:
कॅशच्या फोल्डरमध्ये स्वॅप.स्टेट नावाची फाइल असेल, ती उडवा. स्वॅप मोकळी होईल.

जुना_टर्मिनल:
उडवू नका! लिनक्सच्या स्वॅपशी तिचा काही संबंध नाही, तो डिस्क कॅशचा निर्देशांक आहे, म्हणजे कुठली वस्तू कुठे ठेवलीय याची यादी. ती गेली तर सुरू होताना स्क्विड सगळे फोल्डर पालथे घालून तो पुन्हा बांधत बसेल.

आता मूळ दुखणं. कॅश_मेम म्हणजे स्क्विडची एकूण मेमरी नव्हे, फक्त वस्तू ठेवायची जागा. डिस्क कॅशचा निर्देशांक त्याशिवाय रॅममध्येच राहतो, ६४ बिटवर दर जीबीमागे साधारण १४ एमबी. तुमचे २०० जीबी म्हणजे सुमारे २.८ जीबी. त्यात ६ मिळवा. ८ जीबीच्या मशीनवर हे बसणारच नाही, मग स्वॅपीनेस काहीही ठेवा. शिवाय निर्देशांक प्रत्येक विनंतीला लागतो आणि साध्या मांडणीत स्क्विडचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. त्यातला मेमरीचा एक तुकडा स्वॅपमधून आणायचा झाला तरी रांगेतला प्रत्येक विद्यार्थी थांबतो.

कॅश_मेम २ जीबी करा, डिस्क १०० जीबी. निर्देशांक १.४ जीबीवर येईल. उरलेली रॅम पेज कॅशला मिळू द्या, डिस्कवरच्या पॅकेजांना तिचाच उपयोग होतो. स्वॅपीनेस १० ठेवा, स्वॅप चालू राहू द्या. नुसतं रीकन्फिगर करू नका, घेतलेली मेमरी लगेच परत येत नाही. रीस्टार्ट करा.

घणसोलीकर:
१० कशाला, ० ठेवा.

जुना_टर्मिनल:
कर्नल ३.५ पासून शून्य म्हणजे मेमरी अगदी तळाला जाईपर्यंत स्वॅप नाही. अडचणीच्या क्षणी तेच अंगाशी येतं. १० वर मी ठाम आहे.

 

सानपाडा_लोकल:
टर्मिनल साहेब, परीक्षा सुरळीत चालू आहे. एसआय-एसओ शून्य, पानं लगेच उघडतायत. मनापासून आभार. पण लहान पॅकेजं कॅशमधून येतात आणि मोठी डेब फाइल (पॅकेजची फाइल) दर वेळी बाहेरूनच. हे मेमरी कमी केल्यामुळे का?

जुना_टर्मिनल:
नाही. मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइज मुळात ४ एमबी असतो, त्यापेक्षा मोठी फाइल डिस्कवर ठेवलीच जात नाही. ५१२ एमबी करा, आणि ती ओळ स्क्विडच्या सेटिंग फाइलमध्ये कॅश_डिरच्या (डिस्क कॅश ठरवणाऱ्या) ओळीच्या वर लिहा. खाली लिहिलीत तर लागू होणार नाही. रीस्टार्ट परीक्षा संपल्यावरच.