मदत हवी आहे: सोन्याच्या वासराची कथा अंतर्मुख होऊन वाचताना ३००० मृतांचं काय करायचं?

नाशिकला शरणपूर रोडजवळ आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी एकत्र वाचन करतो. निम्मे ख्रिस्ती, दोघे वारकरी घरातले. सध्या बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाचा अध्याय ३२ चालू आहे.

इस्राएली लोकांचा पुढारी मोशे ४० दिवस डोंगरावर आणि खाली लोकांचा धीर सुटतो, इथपर्यंत ही मनाची गोष्ट म्हणून छान लागते. वाट पाहणं असह्य झालं की मन हाताशी येईल ते घट्ट धरतं. लोकांच्या आग्रहावरून पूजेसाठी सोन्याचं वासरू घडवणारा मोशेचा भाऊ अहरोन नंतर म्हणतो, सोनं आगीत टाकलं आणि वासरू बाहेर आलं! स्वतःच घडवलेलं 'आपोआप झालं' म्हणणारं मन मला त्यात लख्ख दिसलं. वासराची पूड पाण्यात कालवून लोकांना पाजतात, तेही आपलंच केलेलं आपल्या पोटात घेणं असं समजलं.

अडलंय ते २८व्या वचनाशी. मोशेच्या सांगण्यावरून लेवी कुळातले लोक आपल्याच लोकांतली सुमारे ३००० माणसं मारतात. चौथ्या शतकातले ख्रिस्ती बिशप, निस्साचे ग्रेगरी यांना ही कत्तल मनातल्या वाईट प्रवृत्तींची वाटते. पण मेलेल्या माणसांना नुसती 'वृत्ती' म्हणणं मला जड जातं. ओळखीच्या पाळकांनी ऐतिहासिक बाजू समजावली, आतल्या अर्थाचा प्रश्न तसाच राहिला.

हिब्रू येत नाही. मराठी किंवा सोपं इंग्रजी चालेल. मूर्तिपूजा बरोबर की चूक हा वाद नको, गटातल्या काहींच्या घरी देव्हारा आहे. पुढच्या रविवारी मांडायचंय.

त्या मृत्यूंचं वजन कमी न करता हा भाग अंतर्मनाचा म्हणून कसा वाचावा?