मदत हवी आहे: हरणाचं मटण कसं करायचं? चांगलं पुस्तक असेल तर नाव सांगा (तातडीचं)

टिळकवाडीची_आई
हरणाचं मांस आहे, सहा किलोच्या आसपास, फ्रीजरमध्ये. रविवारी बारा माणसं जेवायला आहेत. एकदा नेहमीच्या मटणासारखं कुकरला लावून झालं, पाच शिट्ट्या. चामड्यासारखं झालं, दातानं तुटेना. वासही उग्र. मटण मला येतं, तीस वर्षं करतेय, पण याचं काय करायचं ते कळेना. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. व्हिडिओचे दुवे नकोत, दहा बघून झाले, प्रत्येकाचं वेगळं. शिकारीच्या मांसाचं भरवशाचं पुस्तक असेल तर नाव द्या, मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलंही चालेल. लवकर सांगा प्लीज.

खानापूरकडचा
ताई, तुम्ही काय लिहिलंय ते परत एकदा वाचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार तर सोडाच, असं मांस घरात सापडलं तरी गुन्हा होतो, जामीन मिळायची मारामार. आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ ला जाहीर झालंय. तारेच्या फाशात पाय अडकलेलं भेकर मी डोळ्यानं बघितलंय. तार हाडापर्यंत रुतली होती नि ते ओरडायचं पण थांबलं होतं. असल्या मांसाची रेसिपी इथं कुणी देऊ नये.

निपाणीकर
खानापूरकडचा यांच्याशी सहमत. संपादकांनी धागा उडवावा.

गावठी_चव
कच्च्या पपईचा कीस लावून रात्रभर ठेवा. कसलंही मांस असू दे, लोण्यासारखं होतं. मग कांदा-लसूण मसाला, आलं-लसूण आणि तेल सढळ हातानं.

कडोलीचा_शेतकरी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या रताळ्यात रानडुकरं शिरून एका रात्रीत पाच गुंठे उकरून गेली. भरपाईसाठी कुठं जायचं?

खानापूरकडचा
@कडोलीचा_शेतकरी वनखात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज द्या, सोबत उतारा आणि नुकसानीचे फोटो. पंचनामा होईपर्यंत रान नांगरू नका. आमच्या भावकीत एकानं गडबडीनं साफ करून टाकलं नि दाखवायला काहीच उरलं नाही.

टिळकवाडीची_आई
अहो, मांस माझ्या घरात नाहीये! मुलगी अमेरिकेत आहे, विस्कॉन्सिनला. शेजारच्या आजोबांनी परवाना काढून शिकार केली आणि एक वाटा तिला दिला. तिकडं नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो म्हणे, सगळं कायद्यानं. रविवारी त्याच आजोबांच्या घरच्यांना ती जेवायला बोलावतेय. पहिलंच वर्ष आहे तिचं तिथलं. माणसं फार जीव लावतात तिला, आणि तिला आपल्या पद्धतीचंच करून घालायचंय. मी इथून फोनवर सांगणार. आता तरी सांगाल का?

खानापूरकडचा
ताई, माफ करा. हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढं बोललो नसतो. फाशाबद्दल लिहिलंय ते मात्र राहू द्या.

मिलवॉकीतला_बेळगावकर
काकू, मी इथंच आहे, अकरा वर्षं झाली, दर हिवाळ्यात हरीण शिजवतो. आधी दोन गोष्टी सांगा. पहिली, मांस कुठल्या भागाचं आहे? पाकिटावर लिहिलेलं असतं. दुसरी, त्या हरणाची तपासणी झाली आहे का? इथल्या हरणांत एक मेंदूचा रोग आहे, या राज्यात २००२ साली सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरीण खाऊ नका असंच सांगतात. आणि तो शिजवून जात नाही, कुकरमध्येसुद्धा नाही. शिकारी हरणाचा नमुना देतात, अहवाल आल्यावर खातात.

टिळकवाडीची_आई
मांस म्हणजे मांस, भाग कसला? थांबा, तिला विचारते.

गावठी_चव
भाग कुठला का असेना, पपई लावा.

शहापूरची_वैनी
पपई अजिबात नको! बोकडाच्या जून मांसाला चालते एखादवेळ, पण बिनचरबीच्या मांसाला रात्रभर पपई लावली तर वरून गिजगा आणि आतून तसंच. ताकात ठेवा, वास पण कमी होतो.

टिळकवाडीची_आई
विचारलं. तपासणी झाली आहे, अहवालात रोग नाही. पाकिटं तीन तऱ्हेची. दोनावर बॅकस्ट्रॅप, दोनावर शँक, उरलेल्यावर ग्राउंड. कुकरला लावलं ते बॅकस्ट्रॅपचं होतं. तेच सगळ्यात चांगलं असं आजोबा म्हणाले होते, म्हणून तेच आधी घेतलं.

मिलवॉकीतला_बेळगावकर
इथंच चुकलं. बॅकस्ट्रॅप म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंचा लांब पट्टा. त्या स्नायूला फारसं काम नसतं, तो मुळातच मऊ. शिजवत बसलात की त्यातलं पाणी निघून जातं नि तो आवळतो. त्याचे दोन बोटं जाडीचे तुकडे करायचे, पुसून कोरडे करायचे, मीठ-मिरी लावून कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. मधोमध तापमापकाचा काटा खुपसून ६३ अंश सेल्सिअस दिसले की उतरवायचं आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर तिच्या पानातलं पूर्ण शिजवा.

शँक म्हणजे नळी. रस्सा त्याचाच करा. चालून चालून घट्ट झालेलं मांस, त्यातल्या शिरा सावकाश विरघळतात आणि रश्श्याला चिकटपणा येतो. मंद आचेवर साडेतीन-चार तास, तिच्याकडं विजेचा प्रेशर कुकर असेल तर पाऊण तास. ग्राउंड म्हणजे खिमा, तो ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजलाच पाहिजे.

आणि वासाचं म्हणाल तर तो चरबीचा आहे. हरणाची पांढरी चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. ती आणि वरचा चंदेरी पापुद्रा सुरीनं काढून टाकायला सांगा. एवढं केलं की ताक पण लागत नाही.

शहापूरची_वैनी
ताक लागतंच. मी ससा केलाय, आमच्या माहेरी पाळलेले होते.

पुस्तकवेडा
मूळ प्रश्न पुस्तकाचा होता, त्याकडं कुणी बघेना. सैलानाच्या महाराजांचं, दिग्विजय सिंहांचं इंग्रजी पुस्तक १९८२ साली निघालं, 'कुकिंग डिलाइट्स ऑफ द महाराजाज'. राजघराण्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती, शिकारीच्या मांसाच्या सुद्धा. मांस भागानुसार समजून घ्यायचं असेल तर हँक शॉ यांचं 'बक, बक, मूस', २०१६ चं. पूर्ण पुस्तक हरणाच्या जातीवरच.

मागं जायचं असेल तर कल्याणीच्या चालुक्यांचा सोमेश्वर तिसरा. त्याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोग म्हणून भाग आहे, त्यात हरीण आणि रानडुक्कर दोन्ही शिजवलंय. आपल्याच मुलखातला राजा हा. कन्नडमध्ये मंगरसाचं १५०८ चं 'सूपशास्त्र' आहे, पण ते शाकाहारी.

टिळकवाडीची_आई
पुस्तकवेडा, आभार. पहिली दोन नावं तिला पाठवली. राजाचं नंतर वाचेन.

रात्री सासूबाईंची वही काढली. मामंजी तरुणपणी शिकारीला जायचे, कायदा यायच्या आधी. त्यांनी पुढं बंदूक जमा केली. सासूबाई त्यानंतर त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत, म्हणून मला हे शिकवलंच नाही. वहीत एकच पान आहे, निळ्या शाईचं, मधोमध तेलाचा डाग, उजवा कोपरा उंदरानं खाल्लेला. जसं आहे तसं लिहिते: "सागुती हरणाची. तूप हात सैल सोडून. सुकं खोबरं भाजून, खसखस, तीळ. पाणी गरमच. मिरची संकेश्वरी निम्मी, ब्याडगी निम्मी. शेवटी ना" आणि पुढं पान नाही.

"ना" म्हणजे काय असेल?

मिलवॉकीतला_बेळगावकर
काकू, आजींनी सगळं सांगून ठेवलंय. या मांसात आत चरबी नसते, ती उणीव तूप, खोबरं नि खसखस भरून काढतात. आणि गार पाणी ओतलं की शिजणं तिथंच थांबतं.

संकेश्वरकडची
निम्मी-निम्मी नको. संकेश्वरी तिखटजाळ, तिकडच्या माणसांना सोसणार नाही. तीन भाग ब्याडगी, एक भाग संकेश्वरी. रंग ब्याडगीनंच येतो.

निपाणीकर
तिखट नसेल तर ती सागुती कसली? राजस्थानातलं शिकाऱ्यांचं जंगली मास बघा, तूप, अख्ख्या लाल मिरच्या, मीठ आणि पाणी, एवढंच. शिकारीच्या मुक्कामाला दुसरं काही नसायचंच.

संकेश्वरकडची
तुम्ही खावा की ओ. इथं पाहुण्यांना घालायचंय.

गावठी_चव
ना म्हणजे नारळ.

शहापूरची_वैनी
नारळ कसा असेल, सुकं खोबरं आधीच सांगितलंय त्यांनी. नागकेशर ते. आमच्या सासरी मटणाच्या मसाल्यात अजून पडतं. मिऱ्याएवढे, देठ असलेले, काळपट दाणे असतात.

टिळकवाडीची_आई
नागकेशर! त्यांच्या मसाल्याच्या डब्यात होतं हो. मी इतकी वर्षं त्याला कबाबचिनी समजत होते.

टिळकवाडीची_आई (सोमवार)
झालं जेवण. तूप एक वाटी, मिरची संकेश्वरकडची यांच्या हिशोबानं. नळ्या पाऊण तासात सुटल्या, मांस चमच्यानं निघत होतं. वासाचं कुणी नावही काढलं नाही. चरबी काढायला तिला तासभर लागला, आणि तिनं ताकातही ठेवलं होतं, त्यामुळं कशानं गेला ते सांगता येत नाही. तव्यावरचे तुकडे आजोबांनी उभ्याउभ्याच संपवले. भात केला होता, पण त्यांनी रश्श्यात पावच बुडवला. मी फोनवर होते, त्यांनी वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं नि बराच वेळ बघत राहिले.

नागकेशर तिला तिकडं मिळालं नाही. इथून मसाला पाठवायचाय, तेव्हा घालीन. दोन किलोला किती घालायचं, वैनी?

शहापूरची_वैनी
दहा-बारा दाणे, तुपावर जरा फुलवून. जास्त झालं की तुरट लागतं.