वनस्पती-एन्झाइमच्या गोळ्या: गुण खरा की नुसतं लेबल?

निशिगंध:
आईच्या औषधांच्या डब्यात नवी बाटली सापडली. वर लिहिलंय, ‘वनस्पती व एन्झाइम मिश्रण, ५०० मिलिग्रॅम’. आत अकरा नावं. कुठलं किती, त्याचा पत्ता नाही. बरं, एन्झाइमची ताकद युनिटमध्ये मोजतात, नुसत्या मिलिग्रॅमवरून काय कळणार? मला तर हा सगळा भूलभुलैया वाटतो.

काढेवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका हो. दूध सोसत नाही त्यांना लॅक्टेजची, म्हणजे दुधातली साखर पचवणाऱ्या एन्झाइमची, गोळी पहिल्या घोटाबरोबर घेतली की आराम पडतो. स्वादुपिंड कमी पडलं तर डॉक्टरच एन्झाइम लिहून देतात. आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं ना? २०१५ चं नोबेल मिळालंय त्याला.

शंकासुर:
ही तर निशिगंधच्याच बाजूची उदाहरणं! आर्टेमिसिनिन वेगळं काढलं, मात्रा ठरवली, चाचण्या केल्या, मग ते औषध झालं. स्वादुपिंडाच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर लेप असतो, कारण जठरातलं आम्ल चरबी पचवणाऱ्या लायपेजची वाट लावतं. बाटलीतल्या त्या अकरा नावांवर आहे का तो लेप? सेराशिओपेप्टिडेज हे एन्झाइम घ्या. जपानमध्ये सुजेवर वर्षानुवर्षं दिलं, पुढे चाचणीत ते प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीहून, सरस ठरेना, २०११ मध्ये तिथल्या बाजारातून गेलं. स्मरणशक्तीसाठीचं गिंको, म्हणजे त्या झाडाच्या पानांचा अर्क, २००८ च्या अभ्यासात ३,०६९ वृद्धांना दिलं, रोज २४० मिलिग्रॅम. स्मृतिभ्रंश काही टळला नाही.

काढेवाला:
गुण नाही तर नाही, अपाय तरी काय? मी अशा गोळ्या सहा वर्षं घेतोय, ठणठणीत आहे.

शंकासुर:
तुम्ही दुसरं औषध घेत नसाल म्हणून. उदासीवरची सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली एन्झाइम्स चेकाळवते, मग अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन शरीरात टिकत नाही. त्यापायी प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारल्याच्या नोंदी आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर घटतो. पिपरिन (मिऱ्यातलं तिखट द्रव्य) घातलेल्या हळदीच्या अर्काने यकृत सुजल्याच्याही घटना आहेत. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी, हा अर्क वेगळा.

काढेवाला:
सेंट जॉन्स वर्टचं मान्य. पण लॅक्टेजला त्यात ओढू नका, एवढंच म्हणणं.

निशिगंध:
लॅक्टेजवर माझाही राग नाही. पण आज भिंग घेऊन ती अकरा नावं वाचली. सातवं ब्रोमेलेन, अननसातलं एन्झाइम. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि अशा वेळी ब्रोमेलेनने रक्तस्राव वाढू शकतो म्हणून जपायला सांगतात. डॉक्टरांना तिने या बाटलीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. “ते काय औषध आहे का सांगायला?” म्हणते. बाटली सध्या माझ्या कपाटात आहे आणि आई रुसून बसलीय.